लूमवरची बोली
कानतपासणीच्या शिबिरात वामनने डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नांना पटापट बरोबर उत्तरं दिली आणि शेजारी बसलेल्या कुसुमने कपाळाला हात लावला.

"काका, सकाळी काय खाल्लं?"

"भाकर अन् ठेचा."

"मुलं किती?"

"एक पोरगी. चांदनी गावाला दिली."

डॉक्टर तृप्ती हसल्या. "काकू, काकांचे कान तर एकदम बढिया आहेत! मशीन कशाला पाहिजे?"

मशीन कशाला, ते कुसुमलाच ठाऊक. मागच्या आठवड्यात जैनाबादच्या रस्त्यावर ट्रक मागून भोंगा वाजवत आला, तरी हा आपला मधोमध चाललेला. एका भाजीवाल्याने दंडाला धरून ओढला म्हणून वाचला. शिबिर आजच संपणार होतं.

चाळीस वर्षं वामन कापड विणायच्या लूमवर होता. लग्न झाल्यावर कुसुमही त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. वीस लूमांची खटाखट. आभाळ कोसळलं तरी ऐकू येऊ नये. म्हणून तिथे सगळे ओठांनीच बोलत, आवाज कोणी वायाच घालवत नसे. घरी एक खोली, त्यात सासू-सासरे. नवराबायकोचं बोलणं काय ते कारखान्यात. लग्नात उखाण्यातून एकदाच मोठ्याने घेतलेलं त्याचं नाव ती तिथे दिवसातून दहादा घ्यायची. कोण ऐकणार होतं? संध्याकाळी बाहेर पडताना दोघांच्या भुवया कापसाने पांढऱ्या झालेल्या असत. वामन खोकत खोकत हसायचा, "चल म्हातारे, घरी!"

काय दिवस होते! त्याच दिवसांनी त्याचे कान खाल्ले. कधी खाल्ले, ते मात्र कुसुमला कळलंच नाही. तिच्याशी बोलायला त्याला कान लागतच नव्हते.

"पुढचा नंबर," बाईंनी हाक दिली.

कुसुम उठली नाही. "ताई, आता तोंड झाकून विचारा."

वामनने डोळे वटारले. त्याचे ओठ हलले, चूप बस, मला बहिरा ठरवते का?

तिनेही ओठांनीच सुनावलं, ट्रकाखाली गेल्यावर शहाणा ठरवू काय?

बाईंनी फाईल तोंडासमोर धरली. "काका, तुमचं वय किती?"

वामन फाईलकडे पाहत राहिला. मग छाती काढून म्हणाला, "एकच. चांदनीला दिली."

रांगेतली माणसं खो-खो हसली. वामनने कुसुमकडे पाहिलं. ती हसली नव्हती. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

नीट तपासणी झाली आणि मशीन कानात बसलं. वामन दचकला. पंख्याची घरघर, चपलांची फटफट, कुणाचं तरी रडकं पोर. तो आ वासून ऐकत राहिला. कुसुमने त्याच्याकडे वळून विचारलं, येतं का ऐकू?

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, हे मशीन खराब आहे. साऱ्यांचं ऐकू येतं, हिचंच येत नाही."

डॉक्टर तृप्ती चकित होऊन म्हणाल्या, "अहो काकू, तुम्ही आवाज काढलाच नाहीत!"

कुसुमने तोंडाला पदर लावला. खरंच की. इतक्या वर्षांत या माणसाशी आवाज काढून बोलायची सवयच उरली नव्हती. पदर बाजूला करून तिने घसा खाकरला. रांग पाहत होती.

"वामन," ती म्हणाली.

म्हातारा कानापर्यंत लाल झाला. इकडेतिकडे पाहत पुटपुटला, "हळू बोल ना. लोक ऐकतात."