श्रीपतच्या डोक्यातली कणगी

मी श्रीपतच्या मेंदूतली एक कणगी बोलतेय. भाताची नव्हे हो, कॅल्शियमची! एका पेशीच्या आत मी बसलेय, डोळ्यांना दिसायची नाही. माझ्या भोवती कॅल्शियम अगदी नावाला, पोटात मात्र गच्च भरलेलं. काही लक्षात ठेवायचं झालं की चिमूटभर बाहेर सोडते आणि माझे पंप ते लगेच आत ओढतात. फार सांडलं तर पेशीच मरते, म्हणून माझा स्वभाव कंजूष. पंपांना ताकद मिळते ती श्रीपतच्या श्वासातून.

त्र्याहत्तर सालचा मे महिना. पळसदरीजवळच्या आमच्या बौद्धवाडीत विहिरीचा गाळ काढायचा होता. उतरण्याआधी पेटता कंदील आत सोडायची इथली रीत. विझला तर उतरायचं नाही. सकाळी सोडला, विझला नाही. मग पाणी उपसायला डिझेल इंजिन विहिरीतल्याच टप्प्यावर बसवलं आणि दुपारपर्यंत चालवलं. जेवून आल्यावर पुन्हा कंदील कोण सोडतो?

"सकाळीच बगितलाय की रं," म्हणत श्रीपत उतरला.

आत नुसता धूर कोंडलेला. तळाला पोचताच तो कोसळला. श्वास चालू होता, पण धुरातल्या विषारी वायूमुळे प्राणवायू पोचत नव्हता, माझ्या पंपांना ताकद येईना. मी तोंड आवळून धरलं तरी कॅल्शियम गळू लागलं, पेशीबाहेरूनही लोंढा आत घुसला. शेजारच्या पेशी एकेक करून मरत होत्या. मी घाबरले, खोटं कशाला सांगू!

"दादा!" धाकटा भाऊ कान्हा ओरडला. माणसं नको नको म्हणत असताना उतरला. स्वतःच्या कमरेचा दोर सोडून त्याने श्रीपतला बांधला. "वडा!"

श्रीपत वर आला. दोर पुन्हा आत सोडला, तो रिकामाच वर आला.

मोकळी हवा मिळाली तसे माझे पंप चालू झाले. मी वाचले. पण नवं लक्षात ठेवणाऱ्या आमच्या आळीतल्या बहुतेक पेशी गेल्या.

आता एकोणऐंशी साल. श्रीपतला जुनं सगळं आठवतं, नवं काही टिकत नाही. रोज सकाळी तो बायकोला, भागीला विचारतो, "कान्हा दिसत नाय गं?"

सुरुवातीला ती खरं सांगायची. तो ऊर बडवून रडायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा आणि पुन्हा तसाच रडायचा. आता ती म्हणते, "भावजी साजगावला कामाला गेल्यात."

"जेवून गेला ना?"

"हां, जेवून गेल्यात."

भागीबाई, मी एकटी चिमूटभर सोडून काय टिकवणार? उद्याही हेच सांग. त्याचा भाऊ रोज नव्याने मरायला नको.