ऑल्डनची टापटीप

अमेरिकेच्या किनाऱ्यावर, केप कॉडला ऑक्टोबर लागला की ऑल्डन स्नो होडी पाण्याबाहेर काढायचा, ताडपत्रीत बांधायचा आणि त्याच दमात अंगणातली झुडपं गुडघ्याएवढी छाटायचा. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून ही टापटीप त्याच्या अंगात शिरली होती.

तेव्हापासूनच दारापुढचं निळ्या गेंदांचं झुडूप, हायड्रेंजिया, फुललं नव्हतं. ते त्याच्या आईनं, प्रुडन्सनं, या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा लावलेलं. आता ती वृद्धाश्रमात राहायची. जुलैतल्या वाढदिवसाला मात्र त्या झुडपाशेजारी खुर्ची टाकून बसायला घरी यायची. यंदा एक्याण्णव पूर्ण झाल्यावर तिनं तो नुसता पानांचा ढीग निरखला आणि विचारलं, "सूनबाई, कोबी कधी काढायचा?"

सून लॉर्ना शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. टोमणा तिला लागला नाही. पुढच्या जुलैत त्या खुर्चीत बसायला सासूबाई असतील का, हा विचार लागला. तिनं मातीची आम्लता चारदा तपासली. पण आम्लतेनं फक्त फुलांचा रंग ठरतो, आणि इथे फुलंच नव्हती. अंगणातल्या गवताला घालायच्या खतानं नुसती पानं माजतात म्हणून तेही तिकडे जाऊ दिलं नाही.

ऑक्टोबरात एकदा शाळा लवकर सुटली. घरी येते तो ऑल्डन कात्री घेऊन उभा, अर्धं झुडूप जमिनीवर. लॉर्नानं एक काडी उचलली, टोकाची कळी ब्लेडनं उभी चिरली आणि भिंग त्याच्या हातात दिलं. आत मोहरीहून बारीक हिरवा गुच्छ होता.

"हे काय?"

"पुढच्या जुलैची फुलं. उन्हाळा सरतानाच तयार होतात."

त्यानं कात्री खाली ठेवली. "म्हणजे तीन वर्षं मी..."

"आईंची फुलं कापून टाकलीस. पण उंची अगदी एकसारखी ठेवलीस हं."

ऑल्डननं होडीवरची ताडपत्री सोडली. थंडीनं कळ्या जाऊ नयेत म्हणून उरलेल्या अर्ध्या झुडपाभोवती खुंट्या ठोकून, आत वाळका पाला भरून ती घट्ट बांधली. होडी हिवाळाभर बर्फात उघडी पडली, आणि शेजारीपाजारी होडीचीच खुशाली विचारत राहिले.

जुलैत प्रुडन्स आली. झुडपाच्या एका बाजूला सात निळे गेंद होते, दुसरीकडे नुसती पानं. लॉर्नानं सगळं सांगितलं. म्हातारीनं लेकाकडे पाहिलं.

"पाच वर्षांचा असताना स्वतःचे केस कापत होतास. तेव्हाही अर्ध्यावरच पकडलं होतं तुला."

मग तिनं खुर्ची फुलांच्या बाजूला सरकवून घेतली.