उबेची जागा

भिजवून वाटलेले सोयाबीन तेलात कालवून, फडक्यात बांधून, पाँग ह्योन-ओक ती पुरचुंडी जमिनीवर चिकटवलेल्या जाड कागदावर घासत होती. कागद छान पिवळा पडला होता. फक्त चुलीकडच्या अंगाला, जिथून ऊब जमिनीखाली शिरते, तिथं तो करपून काळपट झाला होता. त्या डागासाठी तिनं सेटच्या भिंतीपलीकडली चूल आठवडाभर धगधगती ठेवली होती. आता त्याच डागापायी तिच्या हातचं काम जायची वेळ आली होती.

"बाई, निर्माते मा साहेबांचा पुन्हा फोन," दिग्दर्शक सोक-जू दारातून म्हणाला. पोराचा पहिलाच सिनेमा. "स्वतः निघालेत. येईपर्यंत डाग रंगवून टाका, म्हणाले. आणि सारसांचा रेशमी पडदा लावा. परदेशातल्या लोकांना कोरिया दिसला पाहिजे म्हणे."

"डोंगरातल्या विधवेच्या घरात सारस? तिला स्वतःला भात मिळायची मारामार, ती पाखरं पोसतेय होय?"

"नाहीतर दुसरा माणूस आणतील. नामावलीत तुमचं नाव राहणार नाही."

"तुला काय हवंय?"

सोक-जूनं मान खाली घातली. "मला हीच खोली हवी. पण माझं ऐकतंय कोण?"

"मग गप उभा राहा. बोलायचं ते मी बोलते."

पहिल्या सिनेमाच्या वेळी, काखेत आराखडे घेऊन ती स्टुडिओत शिरली तेव्हा कुणीतरी तिला कॉफी आणायला पिटाळलं होतं. तिनं कॉफी आणली, टेबलावर ठेवली आणि शेजारीच आराखडे पसरून बसली. त्यानंतर तिनं राजवाडे उभे केले, तुरुंग उभे केले, आणि पाडतानाही पाहिले. सेट पाडायचाच असतो, त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. पण खोटं घर तिनं बांधलं नव्हतं, आणि या वयात बांधायची तिची बिलकूल तयारी नव्हती.

बाहेर बर्फात गाडी थांबली. सेटवर बूट कोण काढतं? दिवेवाले बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून वावरत होते. पायरीशी त्या पिशव्यांचं खोकंच ठेवलेलं होतं.

मा साहेब तणतणतच आत आले. तडक चुलीकडच्या कोपऱ्यात गेले, तिथं पसरलेल्या रजईचं टोक उचललं.

"डाग अजून आहेच!"

"आहे. राहणार."

"घाण दिसते ती, बाई!"

"घाण कसली? म्हातारीचा मुलगा घर सोडून गेलाय. रोज ती त्याच्या वाटणीचा भात इथं रजईखाली ठेवते, गरम राहावा म्हणून. डाग पुसला तर ती वाटी ठेवू कुठं? तुमच्या सारसांच्या पंखाखाली?"

"परदेशी माणसाला हे काय कळणार?"

"नाही कळलं तर नाही कळलं! तुम्हाला कळतंय ना?"

बोलता बोलता मा साहेब त्या डागावरच मांडी घालून बसले होते. थंडीनं आखडलेले हात त्यांनी रजईखाली सारले.

"उद्या नवा माणूस येतोय," ते म्हणाले. पण आवाजातली धार उतरली होती.

"येऊ द्या. हा डाग मी रंगवणार नाही, आणि माझ्यादेखत दुसऱ्या कुणाला रंगवूही देणार नाही."

एवढं बोलून ती दाराकडे पाहत राहिली. सोक-जूनंही पाहिलं आणि तोंडावर हात धरला. पायरीखाली काळ्या, चकचकीत बुटांचा जोड नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेला होता. पिशव्यांच्या खोक्याला कुणी हात लावला नव्हता. मा साहेबांच्या उंची मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"साहेब, हा सेट आहे," ह्योन-ओक म्हणाली. "इथं बूट कुणी काढत नाही."

मा साहेबांनी आधी दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. त्यांचे कान लालबुंद झाले. मग तळहात जमिनीवर टेकवून पाहत पुटपुटले,

"चुलीत लाकूड घाला कुणीतरी. ही बाजू गार पडायला लागलीय."

ह्योन-ओकनं पुरचुंडी उचलली आणि गुडघे टेकले.

"सरका जरा," ती म्हणाली. "डागाच्या कडेला तेल लावायचं राहिलंय."

मा साहेब सरकले. फक्त वीतभर.