उसवलेला पट्टा

मांता शहराच्या बंदरामागच्या गल्लीत वेलिंग्टनचं बाबागाड्या धुण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. समुद्राकाठी गाडीची दशा काय सांगावी? खाऱ्या वाऱ्याने सांधे गंजतात, चाकांत वाळू शिरते, आणि आया गाडीच्या गादीवर दूध सांडून, केळं चिरडून वर म्हणतात, गाडीच मेली हलकी निघाली. हा सगळा राडा निस्तरायची सोइला.

सोइला छप्पन वर्षांची. क्रुसिता गावात तिने जन्मभर मासेमारीची जाळी सांधली. पुढे यंत्रावरची जाळी आली आणि ते काम बसलं, तेव्हा ती दोन वर्षांपूर्वी इथे लागली. रोज बसने यायची. गावात दुसरं काम मिळत असताना मांताचंच का धरलं, हे तिने कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही. तिचे हात डोक्याला न विचारता चालायचे, आणि डोकं चार वर्षांपासून बधिरच होतं. रडू नाही, राग नाही. जेवायची, झोपायची, गाड्या धुवायची.

चार वर्षांपूर्वी तिची लेक योमायरा घर सोडून गेली होती.

योमायरा डावखुरी. सोइलाला ते कधी खपलं नाही. डाव्या हाताची गाठ समुद्र उसवतो, असं तिला तिच्या आईने सांगितलं होतं, आणि आई सांगेल ते ब्रह्मवाक्य. मग काय, पोरीचा डावा हात खुर्चीला बांधायची. पोरीने घातलेला टाका दिसला की उसवायची. एकोणिसाव्या वर्षी योमायराने मावशीच्या लग्नात द्यायला उशीचा अभ्रा शिवला. सोइलाने तो पाहुण्यांसमोर उसवला, उजव्या हाताने शिवला आणि म्हणाली, "आता कसा माणसांत आला." त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी योमायराने मांताची बस धरली. पुन्हा फोन नाही की निरोप नाही. पोरीने बरं केलं, असं कुणी म्हटलं तर त्याचं तोंड धरता येणार नाही.

एका मंगळवारी यांद्री नावाचा एक तरुण निळी गाडी टाकून गेला. बायको मासळीच्या कारखान्यात आहे, पाचला सुटली की घेऊन जाईल, म्हणाला.

सोइलाने कापड उतरवलं, वाळू झटकली. शिवणीत अडकलेला बिस्किटांचा चुरा जुन्या दातब्रशने काढला. बुरशीवर सिरक्याचं पाणी फिरवून कापड सावलीत वाळत घातलं. चाकाच्या आसात गुंडाळलेले केस दाभणाने ओढून काढले. तेल घातलं नाही, तेलाला वाळू चिकटते. मग तिने बाळाला बांधायचा पट्टा पाहिला. बकलापाशी तो फाटला होता आणि कुणीतरी हाताने शिवला होता. दुकानात हातशिवणीचा पट्टा ठेवत नसत. तिने कात्री घातली, टाके कापले आणि दोरा उपसून हातात घेतला.

आणि थांबली. दोऱ्याच्या टोकाला एक गाठ राहिली होती. उलटी, डावीकडे तीन वेढ्यांची, शेपूट आत खोचलेली. ही गाठ सात वर्षांच्या योमायराने बांधलेला हात सोडवून स्वतःच शोधून काढली होती. सोइलाने ती शेकडो वेळा उसवली होती. जित्याची खोड, दुसरं काय.

म्हणजे आपण आजी झालो, असं तिच्या मनात आलं. शेजारणीची बातमी ऐकावी तसं. घड्याळात दीड वाजला होता.

वेलिंग्टन म्हणाला, नवा पट्टा लावा, दहा मिनिटांचं काम. तिने मान हलवली. त्याने कारण विचारलं.

"ते माझ्या लेकीने शिवलं होतं."

बाईला एक लेक आहे, एवढंच त्याला माहीत होतं. "मग तर नवाच लावा, सोइलाबाई. चांगलंच दिसेल की."

"दिसेल ना. मी परत उसवलं, ते दिसेल."

तिने सुई डाव्या हातात धरली. पहिला टाका भलतीकडेच गेला. दुसरा सुटला. वेढा डावीकडे घ्यायचा म्हटलं की बोटं उजवीकडे वळायची. सुई अंगठ्यात गेली, मग तर्जनीत. चिकटपट्टी लावून ती परत बसली. वेलिंग्टनने जेवायला हाक मारली ती तिला ऐकूच आली नाही. तीनदा तिने स्वतःचं काम उसवलं. साडेचारला कसेबसे सात टाके उभे राहिले, एकाचं तोंड एकीकडे तर दुसऱ्याचं दुसरीकडे. तिने कापड चढवलं, पट्टा ओवला, ब्रेक तपासला.

पाच वाजून गेल्यावर योमायरा आली, कडेवर मूल घेऊन. दारातच तिने आईला ओळखलं आणि तिथेच उभी राहिली. सोइलाने गाडी पुढे सरकवली आणि झाली म्हणून सांगितलं. योमायराची नजर थेट पट्ट्यावर गेली. तिने टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"उसवलंस."

"हो. हात चालून गेले. मग कळलं."

"आणि हे कुणी घातले?"

"मीच. डाव्या हाताने."

योमायराने आईच्या बोटांकडे पाहिलं. "वाकडे आलेत," ती म्हणाली.

"नाही जमत गं. तीन तास बसले. दुसऱ्या हाताने नाही जमत माणसाला."

मूल योमायराच्या गळ्यातली साखळी ओढत होतं, तिने ती सोडवली नाही.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली.

"हो," सोइला म्हणाली.

मग योमायरा म्हणाली की, या टाक्यांच्या भरवशावर पोराला बसवणार नाही, नवा पट्टा लाव. आणि मुलाला मांडीवर घेऊन ती बाकावर बसली.

सोइला पट्टा आणायला खोक्यापाशी वळली आणि तिथे मात्र तिला रडू फुटलं. तोंडावर हात दाबला तरी आवाज आला. योमायरा उठली नाही. गेलीही नाही.