खणाच्या सहा चौकटी

हॉलच्या बरोबर मध्ये उभं राहून उद्धवरावांनी टाळी वाजवली आणि मान वाकडी करून ऐकत राहिले. टाळी समोरच्या भिंतीवर गेली, मागच्या भिंतीवर आली, पुन्हा गेली आणि फरशीवर वाटाणे सांडावेत तशी तडतडत विझली. त्यांनी आणखी एक वाजवली.

"आरती सुरू केली का काय?" स्वयंपाकघरातून सुभद्राबाईंनी विचारलं.

उद्धवरावांनी तिसरी टाळी वाजवली. निवृत्त माणसाला काहीतरी खूळ लागतंच. त्यांच्या सोसायटीत कुणी सेक्रेटरी होऊन पार्किंगच्या रेघा मोजत होतं, कुणी सकाळी बागेत जाऊन ठरवून हसत होतं. त्या मानाने स्वतःच्याच हॉलमध्ये टाळ्या वाजवणं तसं निरुपद्रवी होतं. पिंपळे गुरवमधला हा फ्लॅट त्यांनी भोसरीच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून घेतला, तेव्हा त्यांना सर्वांत आवडली होती ती हॉलची फरशी. आरशासारखी गुळगुळीत. आता तीच फरशी वैरी झाली होती.

कारण होती एक कॅसेट. दिवाळीआधी माळा आवरताना बुटांच्या खोक्यात सापडलेली. लेबलवर निशिगंधाच्या गोल अक्षरात लिहिलेलं, 'यमन, शालनबाईंसाठी'. निशिगंधा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, आणि शालनबाई भोसरीत गाण्याचा क्लास घेत. निशिगंधा तेव्हा नववीत असेल. शेजारच्या इमारतीतल्या कुलदीपचं घरगुती थिएटर बसवून देण्याचं दुकान होतं. त्याने ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून दिली. स्पीकर तर घरात होतेच. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातल्या लाइनवरच्या माणसांनी वर्गणी काढून दिलेले, दोन वर्षं खोक्यातच पडलेले.

पण स्पीकर लावले आणि उद्धवरावांचं तोंड उतरलं. आवाज लेकीचाच होता, पण एक सूर सरायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर पडत होता. पेटी कुठे संपते आणि पोरगी कुठे सुरू होते ते कळेना. एखाद्या मंगल कार्यालयात माइकवर सूचना चालू असावी तसं सगळं कालवून गेलेलं.

उद्धवरावांना लेकीचं गाणं ऐकायचं होतं. एवढंच. ते कधी नीट ऐकलंच नव्हतं, हे त्यांना या वयात खुपायला लागलं होतं. शाळेच्या गॅदरिंगला ओव्हरटाइम लागला. गुरुपौर्णिमेला शालनबाईंकडे ती गायली तेव्हा रात्रपाळी होती. कँटीनमध्ये मात्र ते छाती फुगवून सांगायचे, आमची पोरगी गाते. कुणीतरी एकदा विचारलं, कशी गाते हो? "लई भारी," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती. अकरावीत तिचं गाणं सुटलं. अभ्यास वाढला, सुटलं, असं ते सगळ्यांना सांगत आणि स्वतःलाही तसंच वाटत असे. आता ती तळेगावला नांदत होती, बँकेत होती, आठ महिन्यांची मुलगी होती, इंद्रायणी. पुढच्या रविवारी ती येणार होती. तिच्यापुढे ही टेप लावायची आणि संपली की म्हणायचं, आता तू म्हण. तेवढ्यासाठी हॉल सुधारायला हवा होता.

आणि आवाजाच्या बाबतीत उद्धवराव काही अडाणी नव्हते. चाकणच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्यांनी फेल्ट बनवलं होतं. गाडीच्या गालिच्याखाली, दाराच्या पोटात, बॉनेटच्या आतून जी करडी जाड गादी असते ती. जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजायच्या, थर लावायचे, गरम दाबयंत्रात दाबायचे. आत बसलेल्या माणसाला इंजिन ऐकू आलं नाही की काम फत्ते. त्या कामाचं कौतुक कुणी करत नाही, कारण ते झालंय हे कुणाला कळतच नाही.

मग काय, जुन्या ओळखीवर कारखान्यातून नाकारलेल्या मालाचे रोल टेम्पोत घालून आले. दोन दिवसांत उद्धवरावांनी हॉलच्या चारही भिंती खालपासून वरपर्यंत फेल्टने मढवल्या. छतालाही हात घालणार होते, पण शिडी पुरली नाही. सुभद्राबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"भिंतींना गोणपाट नेसवलंय जणू," त्या म्हणाल्या आणि दचकल्या. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. कानात दडे बसल्यावर वाटतो तसा.

टाळी वाजवली तर ती हातातच मेली. उद्धवराव खूश झाले. टेप लावली आणि पहिल्या दोन ओळींतच पुन्हा तोंड उतरलं, त्यांनी ती तिथेच बंद केली. शब्द सुटे झाले होते खरे, पण गाण्यातलं पाणी आटलं होतं. पोरगी गात नव्हती, धडा वाचून दाखवत होती.

कुलदीप आला, भिंतींकडे बघून आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, "काका, तुम्ही हॉलची गाडी केलीत राव. गाडीत आवाज मारायचा असतो. इथं तो थोडा राहू द्यायचाय."

उद्धवरावांना ते लागलं. पण हसणाऱ्या माणसाचं बरोबर असेल तर त्याचं ऐकावं, एवढं शहाणपण लाइनवर आलं होतं. सगळं फेल्ट उतरलं. कुलदीपने सांगितलं ते त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. ऐकायची खुर्ची एकदा ठरवायची आणि हलवायची नाही. मग एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथून आवाज उलटून येतो. तेवढ्याच जागी लाकडी चौकटीत फेल्ट भरून टांगायचं, मागे दोन बोटं जागा सोडून. बाकीची भिंत मोकळी ठेवायची.

आरसा सुभद्राबाईंनी धरला. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्याकडे एवढं टक लावून पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आत्ताही तो आपल्याकडे नाही, स्पीकरकडे बघतोय हे ठाऊक असून त्यांनी पदर नीट केला.

"वर घे. आजून. थांब. दिसला."

त्यांनी पेन्सिलने फुली मारली. अशा सहा फुल्या झाल्या.

चौकटींवर काय ताणायचं, हे मात्र सुभद्राबाईंनी ठरवलं. करडं काही घरात दिसता कामा नये, असं त्यांनी बजावलं. कुलदीपची एकच अट होती. कापडावर तोंड लावून फुंकर मारावी, हवा पलीकडे गेली तर ते कापड चालेल. पिंपरीच्या बाजारात सुभद्राबाईंनी एकेक खण तोंडाशी धरून फुंकायला सुरुवात केली, तेव्हा दुकानदाराला वाटलं बाईंना काही झालंय. शेवटी अंजिरी, मोरपंखी आणि गर्द हिरवा असे प्रत्येकी दोन खण आले. त्यांनी काठ चौकटीच्या खालच्या कडेला बरोबर येतील असे बेतले, उद्धवरावांनी मागून खिळे ठोकले. खिडकीला आणि गॅलरीच्या काचेच्या दाराला दुप्पट चुण्यांचे जाड पडदे आले. फरशीवर लोकरीची सतरंजी. मागच्या भिंतीला मांडणी करून तिच्यात निशिगंधाची कॉलेजची पुस्तकं मुद्दाम वेडीवाकडी, पुढेमागे लावली. चार घरच्या बायका हॉल बघायला येऊन गेल्या आणि आपल्या नवऱ्यांना टोमणे मारत परतल्या.

शुक्रवारी दुपारी सगळं जागेवर लागलं. उद्धवराव खुर्चीत बसले आणि टेप लावली.

या वेळी निशिगंधा समोर होती. दोन स्पीकरच्या मध्ये, सतरंजीवर मांडी घालून बसलेली, दोन वेण्यांची. पेटीचा भाता ऐकू येत होता. श्वास घेताना ती किंचित घाई करत होती तेही. वरच्या षड्जाला आवाज जरा कापला आणि मग टिकला, तेव्हा उद्धवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. लई भारी. खरंच लई भारी होतं.

आणि मग मागून एक पुरुषी आवाज आला. घुमणाऱ्या हॉलमध्ये तो नुसता घरघरीसारखा वाटला होता. आता अक्षर न् अक्षर स्वच्छ होतं.

"ए निशे, बंद कर त्ये. दिसभर मशिनीचा कलकलाट, अन् घरी आलं की ह्यो. पाचला उठायचंय मला."

आवाजात राग नव्हता. पंखा बंद कर म्हणावं तसा साधा आवाज होता. तो आपला आहे हे उद्धवरावांना लगेच कळलं.

पेटी थांबली. बराच वेळ काही नाही. मग एक छोटासा खोकला आणि तीच ओळ पुन्हा, पेटीशिवाय, अगदी हळू. इतकी हळू की ओठांच्या बाहेर कशीबशी पडत होती. इथून पुढे टेप खराब झालीय असं त्यांनी धरलं होतं, कुलदीपला आवाज वाढवायला सांगणार होते. टेप ठणठणीत होती. चौदा वर्षांची मुलगी बापाची झोप मोडू नये म्हणून जपून गात होती, टेप संपेपर्यंत.

सुभद्राबाई दारात उभ्या होत्या.

"तुला ठावं व्हतं?"

"मी तितंच व्हते. भाकरी थापत." त्यांनी ओले हात पदराला पुसले. "नंतर मोरीत नळ सोडून गायची. मग पाणी वाया जातंय म्हणून तुमी ओरडला. मग न्हाई गायली."

"मला का न्हाई सांगितलंस कधी?"

"दमून यायचा तुमी," सुभद्राबाई म्हणाल्या.

शनिवारी कुलदीप हॉल ऐकायला आला. ऐकून तोही अवघडला. मग म्हणाला की एवढा तुकडा कापून टाकू, एका मिनिटाचं काम आहे, ताईला कळणारही नाही. उद्धवराव पेनड्राइव्हकडे बघत राहिले. कापावंसं त्यांना फार वाटलं. रविवारी ती यावी, फक्त सुरेल तेवढं ऐकावं, खूश व्हावी आणि गावं, हे सगळं त्या एका मिनिटाने जमण्यासारखं होतं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "जे हाय त्ये हाय."

निशिगंधा आली ती इंद्रायणीला कडेवर घेऊन. हॉल बघून हरखली, प्रत्येक चौकटीवरून हात फिरवला, आईला खणांबद्दल विचारलं, आपली जुनी पुस्तकं बघून हसली. उद्धवरावांनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, आपण बाजूच्या वेताच्या मोड्यावर बसले आणि काही न सांगता टेप लावली. पहिल्या सुरालाच तिने तोंडावर हात ठेवला.

मग तो आवाज आला. उद्धवराव खाली सतरंजीकडे बघत होते. इंद्रायणी आईच्या कानातलं ओढत होती, निशिगंधाने तिची मूठ हलकेच सोडवली आणि ऐकत राहिली. हळू गाणं लांबपर्यंत चाललं. संपलं तेव्हा उद्धवरावांनी उठून स्पीकर बंद केले.

"तुमची पहिली पाळी असायची, बाबा," निशिगंधा म्हणाली. "मला नव्हता हो राग आला."

"मला आलाय," उद्धवराव म्हणाले. "माझाच." त्यांनी मोडा ओढून तिच्या समोर घेतला. "येकदा म्हण, बाळ. हितं बसून. न्हाई झोपत मी आता."

निशिगंधा हसली. तिने घसा साफ केला, पाठ सरळ केली, ओठ उघडले. बाप समोर हात जोडल्यासारखा बसला होता. तिने पुन्हा एकदा श्वास घेतला आणि मग मान हलवली.

"नाही येत, बाबा. खरंच. सुटलंय आता." ती म्हणाली आणि इंद्रायणीचा खिमट झाला का ते बघायला आत गेली.

जेवणं झाली. सुभद्राबाई ओटा आवरत होत्या. उद्धवराव खुर्चीत डोळे मिटून बसले होते, झोपले मात्र नव्हते. इंद्रायणी पेंगुळली होती आणि झोपेच्या आधीची किरकिर सुरू झाली होती.

"श्श, आजोबा झोपलेत," निशिगंधा तिच्या कानाशी म्हणाली. तिला खांद्यावर घेऊन ती पावलं न वाजवता गॅलरीत गेली आणि काचेचं सरकतं दार तिने मागे हळूच ओढून घेतलं, अगदी शेवटपर्यंत.

उद्धवरावांनी डोळे उघडले. पडद्याच्या फटीतून ती दिसत होती. इंद्रायणीचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं होतं. ती येरझाऱ्या घालत होती, तळहाताने पाठीवर थोपटत होती, संथ, मोजून. आणि तिचे ओठ हलत होते. मध्येच तिने हनुवटी वर केली, डोळे मिटले, गळ्याची शीर ताणली गेली आणि ओठ बराच वेळ तसेच उघडे राहिले.

आत काहीही येत नव्हतं. रस्त्याचा आवाज नको म्हणून दाराच्या कडेने उद्धवरावांनीच फेल्टची पट्टी बसवली होती आणि ती चोख बसली होती.

ते अर्धवट उठले. दार उघडलं की ती थांबेल, हे त्यांना कळलं. पुन्हा बसले. सुभद्राबाई चहा विचारायला आल्या, त्यांना त्यांनी हातानेच गप्प केलं आणि बाहेर दाखवलं. त्याही पाहत उभ्या राहिल्या.

उद्धवराव लेकीच्या तळहातावर नजर लावून बसले. तो इंद्रायणीच्या पाठीवर पडला की त्यांचं बोट गुडघ्यावर पडायचं. एकदोनदा चुकलं, मग बरोबर पडायला लागलं.