साडेतीन हजार फुटांवर

“काका, हे उलटं आहे का सुलटं?”

मधुसूदन सरांनी हेल्मेट मागचं पुढे घातलं होतं. साठी उलटलेला माणूस, हवाई दलात पोरांना विमानातून उड्या मारायला शिकवण्यात हयात गेलेली, आणि सकाळपासून हे असं. पॅराशूटच्या खेळात कोच व्हायची परीक्षा अशीच असते. तुम्ही किती उड्या मारल्या याचं कौतुक दारातच संपतं. परीक्षक स्वतः विद्यार्थी होतो, मुद्दाम चुकतो, आणि परीक्षा देणाऱ्याने त्याला नीट वर न्यायचं, नीट खाली आणायचं.

“उलटं आहे,” धर्मेंद्र म्हणाला आणि त्याने हेल्मेट फिरवून दिलं.

“अन् हा पायाचा पट्टा?”

धर्मेंद्रने वाकून पट्टा ओढला.

“दुखते ना, काका.”

“ढिला राहिला त वर याहून जास्त दुखते.”

सर ताठ झाले. आवाज बदलला. “पट्टा कोणी बांधला?”

“मी.”

“मग मी काय शिकलो?”

धर्मेंद्रकडे उत्तर होतं. पण विमान सुरू झालं होतं, पंख्याचा वारा मधे आला, आणि सर पुन्हा बावळट चेहरा करून विचारत होते, “काका, यात खिडकीची सीट भेटते का?”

*

धर्मेंद्र. वय चव्वेचाळीस. आधी फौजेत पॅराट्रूपर, आता कोराडीच्या वीज केंद्रात गेटवर सुरक्षा पर्यवेक्षक. ट्रक आत, ट्रक बाहेर, कोळशाचा, राखेचा, थांब, दाखव, जा. आठवडाभर हे. सुट्टी लागली की उमरेड रोडच्या आतली ही जुनी धावपट्टी, जिथे हिवाळ्यात एक छोटं, दार काढलेलं विमान येतं आणि उन्हं तापायला लागली की निघून जातं. त्याची बायको गोपिका म्हणते, हा माणूस खुर्चीवर बसला तर खुर्चीच दमते.

ते विमान आज संध्याकाळी निघणार होतं.

आणि मिनल. मुलगी. शेडच्या सावलीत पॅराशूट घडी करायच्या ताडपत्रीवर मांडी घालून बसलेली. डिसेंबरात तिने पहिल्या उड्या मारल्या होत्या, दोन्ही बाजूंनी दोन इन्स्ट्रक्टर धरून. बाप खाली उभा. आता धरणारं कुणी नसतं. शेजारी एक कोच पडत असतो, हात न लावता, बघत. तो कोच धर्मेंद्रला व्हायचं होतं. दुसऱ्या कुणाचा नाही, तिचा. सकाळी पास झाला तर दुपारच्या फेरीत मिनलसोबत जा, असं सर म्हणाले होते. पुढच्या हिवाळ्यात मिनल इथे नसणार. जूनमध्ये ती नोकरीला बंगळुरूला जाणार होती.

म्हणून आज. म्हणजे आजच.

*

नियम साधा आहे. सर जमिनीवरही सांगतात, विमानातही सांगतात, इंजिनाच्या आवाजात बोटांनी सांगतात. साडेपाच हजार फुटांवर एकमेकांपासून दूर व्हायचं. साडेचारला विद्यार्थी पॅराशूट उघडतो. साडेतीनला कोच. विद्यार्थ्याने उघडलं नाही तरी कोचने साडेतीनला उघडायचं. काहीही झालं तरी.

हे धर्मेंद्रला पाठ होतं. त्याने मिनललासुद्धा जेवताना सांगितलं होतं.

*

पडला.

पडला म्हणजे सुटला. वारा तोंडात, कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या कुठेतरी तिरप्या, खाली कोळसा खाणीचे काळे ढीग. समोर सर. सर पाय वाकडे करून गरगर फिरत होते, मुद्दाम. धर्मेंद्रने खूण केली, पाय लांब कर. सरांनी केले. गरगर थांबली. बरोबर. अजून एक खूण, हनुवटी वर. बरोबर. छातीत काहीतरी फुलून आलं, हे जमतंय, हे मला येतं, हे तर मी रोज—

मनगटावरच्या उंचीच्या मीटरवर साडेपाच. सर वळले, दूर गेले.

साडेचार. सरांनी उघडलं नाही.

हे नाटक आहे. धर्मेंद्रला माहीत होतं. नाटक आहे, नाटकच आहे, पण हात का हलत नाही याचा, हा असा सैल काय पडतोय, याला काही झालं तर—

साडेतीन.

त्याने उघडलं नाही. त्याने हात मागे घेतले, अंग खाली झुकवलं आणि सरांकडे झेपावला.

*

तेच पुन्हा, आता सरांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून, शेडमधल्या मोबाइलच्या पडद्यावर. आवाज नाही. निळ्यात एक ठिपका. ठिपक्याला हातपाय. मोठा होत येतो. चेहरा दिसतो, गाल वाऱ्याने मागे गेलेले, तोंड उघडं, हात पुढे, बोटं पसरलेली. मग पडदा झटक्याने वर जातो, कारण सरांनी उघडलेलं असतं, आणि तो चेहरा त्यांच्या बुटांजवळून खाली जातो. इतक्या जवळून की बुटाच्या नाडीमागे क्षणभर त्याचे डोळे दिसतात.

धर्मेंद्रने आयुष्यात प्रथमच स्वतःला असं येताना पाहिलं.

“थोडा वर राहिला असता,” सर म्हणाले, “त माह्या उघडत्या पॅराशूटमधे शिरला असता. तू पण गेला असता, मी पण. अन् तुहं किती खाली उघडलं, पाहिलं ना?”

“हो.”

“मी नाटक करून राहिलो, माहीत होतं ना?”

“होतं.”

“मग काहून आला?”

“हात गेला, सर.”

सरांनी हेल्मेट मांडीवर ठेवलं. आता ते विद्यार्थी नव्हते, परीक्षकही नव्हते. “विद्यार्थ्याच्या पाठीवर यंत्र आहे. त्यानं काहीच नाही केलं, तरी ते पॅराशूट उघडते. त्याले ते वाचवते. तू नाही वाचवत. तू फक्त त्याच्या मागं जाऊन एकाचे दोन करतो.”

“एक बार अजून घ्या, सर. आत्ता. इंधन आहे.”

“इंधन आहे.”

“मग?”

“तू नाही आहे. मी काही तुहा कोणी लागत नाही, आपली वर्षातून चार वेळा भेट होते. अन् माह्यासाठी तू एवढा खाली आला. पोरगी असती त?”

धर्मेंद्र उठला. पुन्हा बसला. पुन्हा उठला.

“पुढच्या हिवाळ्यात ये,” सर म्हणाले.

*

शेडच्या मागे सरिता चहा घेत होती. उमरेडच्या शाळेत खेळाची शिक्षिका. चार वर्षांपूर्वी पहिल्या उडीला दारातून मागे फिरली होती, विमानासोबतच खाली आली होती, तेव्हा धर्मेंद्रनेच तिच्याजवळ बसून तिला पुन्हा वर पाठवलं होतं. मागच्या वर्षी ती कोच झाली.

“माह्या निम्म्या उड्या नाही तुह्या,” धर्मेंद्र म्हणाला.

“नाहीच आहे, भाऊ.”

“मग तू कशी पास झाली?”

“बसा ना जरा. वाऱ्यासारखे काय फिरून राहिले.”

तो बसला नाही.

“माह्यासोबत पण हेच केलं त्यांनी,” सरिता म्हणाली. “नाही उघडलं. मीटरवर साडेतीन आले, मी माझं उघडलं. अन् वर लटकून रडली मी, भाऊ. खरंच रडली. मले वाटलं, म्हातारा गेला. खाली आली त हा माणूस बिडी पेटवून राहिला.”

“मग?”

“मग शिव्या दिल्या त्यांना. त्यांनी ऐकून घेतल्या. म्हणाले, पास.”

धर्मेंद्रला हसू आलं, आणि त्याला ते नको होतं.

“म्हणजे तुले काळजी नव्हती.”

सरिताने चहाचा कप खाली ठेवला. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक गेले, एकामागे एक.

“भाऊ,” ती म्हणाली, “असं नका बोलू.”

*

मिनल त्याच्याकडे आली तेव्हा जंपसूट घालून आली होती. चेन गळ्यापर्यंत.

“कुठं निघाली?”

“दुपारच्या फेरीत जागा आहे. सरिताताईसोबत.”

“माहा रिझल्ट ऐकला ना तू?”

“सगळ्यांनी ऐकलं, बाबा. व्हिडिओ पण पाहिला.”

“मग आज राहू दे. आपण पुढच्या वर्षी—”

“मी कुठं आहे पुढच्या वर्षी?”

“दिवाळीले येशील ना. विमान नोव्हेंबरात येते. सुट्टी वाढवून घे.”

“नवीन नोकरीत?”

“मग एखाद्या शनिवारी ये. तिकीट मी काढतो.”

मिनल त्याच्याकडे बघत राहिली. गोपिकाचीच नजर, दमलेल्या खुर्चीकडे बघण्याची.

“बाबा, खरं सांगू? तुम्ही बाजूला असते, त मी पूर्ण वेळ तुमच्याकडंच पाहत राहिली असती. बाबा काय म्हणून राहिले, बाबा खुश आहे का. मीटर कोणी पाहिलं असतं?”

“मी पाहिलं असतं.”

“तेच ना.”

ती हे भांडून म्हणाली नाही. तेच वाईट होतं. भांडली असती तर त्याला भांडता आलं असतं.

त्याने फोन काढला, गोपिकाला लावला, एक रिंग गेल्यावर बंद केला. तिने उलट लावला. त्याने उचलला.

“काय झालं? पोरगी बरी आहे ना?”

“आहे.”

“पास झाला का तुम्ही?”

“नाही.”

तिकडे मिक्सर बंद झाला. “मग ती कोणासोबत चालली?”

“सरितासोबत.”

“सरिता चांगली आहे,” गोपिका म्हणाली, आणि मग, “तुम्ही काही खाल्लं का?”

*

तो मिनलचं सामान तपासायला गेला. सरिता तपासत होती. म्हणजे सरिता नुसती उभी होती, हात मागे बांधून, आणि मिनल स्वतःच्या अंगावरची एकेक गोष्ट बोटाने दाखवत नाव घेत होती. एके ठिकाणी ती अडली. धर्मेंद्रचं तोंड उघडलं. सरिता गप्पच. मिनलला आठवलं, तिने पुढचं नाव घेतलं.

तो दोन पावलं मागे सरला, मग आणखी मागे, विमानाला वळायला जागा लागते म्हणून.

विमान गेलं. धूळ बसायला वेळ लागला.

*

खालून काही दिसत नाही. हे त्याला आजवर माहीत नव्हतं असं नाही. पण खाली उभं राहणं म्हणजे नुसता आवाज ऐकणं, आवाज बारीक होणं, मग तो बंद पडल्यासारखा होणं आणि मान दुखणं. तो धावपट्टीच्या कडेने चालत राहिला, परत आला, पुन्हा गेला.

“एका जागी उभा राहा बाप्पा,” सर म्हणाले. त्यांच्या हातात वायरलेस होता. मिनलच्या हेल्मेटमधे त्याचा दुसरा कान. “माह्या डोळ्याले त्रास होऊन राहिला.”

मग वर एक फूल. पांढरं-केशरी. मिनलचं.

मग, तिच्या खाली, बरंच दूर, दुसरं. सरिताचं.

धर्मेंद्रने श्वास सोडला. लगेच दुसरा धरला. कारण आता तिने पॅराशूट वळवायला हवं होतं, वारा मागून होता, ती पट्टीच्या बाहेर जात होती.

“बोला ना सर.”

“काय बोलू?”

“डावीकडं सांगा. लेफ्ट. बाहेर चालली ती.”

सर वर बघत होते. अंगठा बटणाजवळ होता, बटणावर नव्हता. “खाली काय आहे तिकडं?”

“हरभरा.”

“तार आहे का? विहीर?”

“नाही.”

“मग पाहू दे तिले.”

“सर, बोला.”

“बरोबर करून राहिली. काय बोलू?”

धर्मेंद्रचे हात डोक्यावर गेले होते. त्याला कळलं नाही कधी. दोन्ही मुठी आवळून तो हवेतल्या दोऱ्या ओढत होता, डावी, डावी, अजून डावी.

मिनल उजवीकडे वळली.

तेही चालणारं होतं. तसं वळल्यावर वारा समोरून आला, वेग मोडला, आणि ती पट्टीच्या पलीकडे, हरभऱ्याच्या शेतात उतरली. पाय टेकले, टिकले नाहीत, ती बसली, मग आडवी झाली. पॅराशूट तिच्यावरून पुढे गेलं.

तो पळाला. धावपट्टी ओलांडली. बांधापाशी थांबला.

कुणी थांब म्हणालं नव्हतं. सर मागेच होते.

शेतात मिनल गुडघ्यावर बसली. उभी राहिली. पँटवरची माती झटकली नाही. दोऱ्या गोळा करायला लागली, हळू, एकेक, शिकवल्याप्रमाणे. पलीकडून सरिता आली. दोघी बोलायला लागल्या. मिनलचे हात हवेत वर जात होते, खाली येत होते, एक हात म्हणजे ती आणि दुसरा म्हणजे सरिता असावा. वारा तिकडे होता, इकडे शब्द येत नव्हते.

मग त्या बांध चढून आल्या. मिनलच्या खांद्यावर पॅराशूटचं गाठोडं, चेहरा लाल, कपाळावर मातीचा पट्टा.

“बाबा, पाणी?”

त्याने बाटली दिली. ती प्यायली, तोंड पुसलं, बाटली टोपण न लावता त्याच्या हातात परत दिली आणि सरिताकडे वळली. “अन् ताई, तू दूर गेली ना, तेव्हा एकदम कोणीच नव्हतं. म्हणजे कोणीच नाही. मी मीटर पाहिलं—”

“किती होतं?”

“थांब ना, सांगते.”

त्या पुढे निघाल्या. गाठोडं नीट बांधलेलं नव्हतं, कापडाचं एक टोक सुटून जमिनीवरून, ढेकळांवरून घासत चाललं होतं. धर्मेंद्रने खाली वाकून ते उचललं. हरभऱ्याचे घाटे अडकले होते, ते काढून टाकले. मिनलला ओझं हलकं झाल्याचं कळलं नाही, ती बोलत होती. तो ते टोक दोन्ही हातांत धरून, कापड ताणलं जाणार नाही इतकं अंतर ठेवून, त्यांच्या मागून चालत राहिला.