लाल दोऱ्याचे पाच टाके

मित्रांनो, माझा जोडीदार कुठे आहे असं आधीच विचारू नका. मी उजव्या हाताचा एक जुना हातमोजा आहे, बर्फावरच्या हॉकीचा, आणि गेली बरीच वर्षं एकटाच आहे. माझी हकिगत तुम्हाला सांगायची म्हणून बसलो खरा, पण ती मला स्वतःलाच नीट कळलेली नाही. तुम्ही शहाणी मुलं आहात. ऐकता ऐकता कुठे उलगडा झाला, तर मलाही सांगा.

माझा जन्म कारखान्यातला. तळव्याला मऊ कातडं, पाठीवर बोटागणिक जाड गाद्या, मनगटाला लांब बाही. मला शिवणारी बाई शेजारणीला म्हणाली, "हा मोजा ज्याच्या हातात जाईल ना, त्याचं बोट काही मोडायचं नाही बघ!" ते वाक्य मी मनावर घेतलं. हात जपायचा, एवढंच माझं काम. त्यात न समजण्यासारखं काय असणार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

माझ्या नशिबी आला ओरेस्ट हनाट्युकचा हात. लोन विलो नावाच्या गावात तो धान्याच्या कोठारावर कामाला होता आणि हिवाळ्यात गावच्या संघातून खेळायचा. हात कसला, फावडंच ते! पण त्याच हातात दोन काडीएवढ्या लाकडी हातोड्या धरून तो वडिलांचं तारांचं वाद्य वाजवायचा. त्याच्या घरचे लोक त्याला त्सिंबाली म्हणतात. गावातलं कुठलंही लग्न त्याशिवाय पार पडत नसे. इतका गुणी हात मला सांभाळायला मिळाला म्हणून मी हुरळून गेलो.

मग पहिला सामना आला. आमच्या संघात डॅनी नावाचा एक किडकिडीत, पण वाऱ्यासारखा पळणारा खेळाडू होता. त्याला समोरच्या संघातल्या कोणीतरी मागून येऊन कठड्यावर आपटलं. ओरेस्ट त्या माणसाकडे गेला. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली, जणू शेजारी शेजारी बसायचं ठरत होतं. मी गाद्या ताठ केल्या. आता माझी खरी कसोटी, असं म्हणतोय तोच ओरेस्टनं हात झटकला आणि मी बर्फावर पडलो!

शेजारी डावा मोजाही पडला होता. "काय चुकलं रे आपलं?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? मीही पडलोच आहे की!" तो म्हणाला.

वर उघड्या मुठी चालू होत्या. हाडावर हाड आपटल्याचा आवाज येत होता. पंच बाजूला उभे राहून शांतपणे बघत होते. दोघांतला एक खाली पडला, तेव्हा कुठे ते मध्ये आले. मला उचलून ओरेस्टकडे टाकलं, आणि फुटलेल्या बोटांवर त्यानं मला पुन्हा चढवलं. छत्री मिटून पावसात भिजायचं आणि घरात आल्यावर ती उघडायची, तसला हा प्रकार! पुढे मला समजलं की तीच तिथली रीत आहे. मोजे घालून मारणारा माणूस भ्याड ठरतो.

ओरेस्टला पाच मिनिटांची शिक्षा झाली. त्याला काचेमागच्या बाकड्यावर नेऊन बसवलं, आणि अख्खं गाव उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. डॅनीनं गोल केला तेव्हा लोकांनी बसूनच टाळ्या वाजवल्या होत्या. ही शिक्षा होती की सत्कार, ते मला आजही ठरवता येत नाही. दुसऱ्या दिवशी कॅफेवाल्या मिस्टर इंगनी त्याला सफरचंदाचा केक फुकट खाऊ घातला.

आमचे कोच मॅकाय म्हणायचे, "ही मारामारी नाही रे, हा बंदोबस्त आहे. ओरेस्ट आहे म्हणून डॅनीला हात लावायला दहादा विचार करतात." म्हणजे मारामारी होऊ नये म्हणून मारामारी. मी पुष्कळ विचार केला. ओरेस्ट होता, तरी डॅनीला आपटणारे आपटतच होते. नसता तर काय झालं असतं, ते मात्र मी कसं सांगणार?

सगळ्यात मोठं कोडं होतं ओरेस्टची आई, ओल्हा. रविवारी ती चर्चमध्ये मेणबत्ती लावायची. "माझ्या लेकराच्या हातांना काही होऊ देऊ नकोस," असं देवाला सांगायची. आणि शनिवारी सामन्यात तिचाच आवाज सगळ्यांच्या वर! "सोडू नकोस! हाण! बघतोस काय!" देव बिचारा कुठलं ऐकत असेल?

समोरच्या हार्टफेल्ड गावाच्या संघात क्लेटन फ्रायसेन नावाचा दांडगा गडी होता. त्याचंही काम ओरेस्टचंच. त्याच्या घरचे लोक इतके देवभोळे की कोणावर हात उगारणं म्हणजे पाप. तो मात्र दर हिवाळ्यात चार वेळा तरी ओरेस्टशी भिडायचा. सामना संपला की दोघं गाड्यांपाशी उभं राहून बियर प्यायचे.

"दात हलतोय का रे अजून?"

"हलतोय. तुझी बरगडी?"

"शिंकलो की आठवण येते तुझी."

आणि दोघं पोट धरून हसायचे. मी खिशात बसून ऐकायचो आणि आणखीच गोंधळायचो.

अशी सात वर्षं गेली. माझं कातडं तडकलं, तळव्याला भोक पडलं. ओरेस्ट मला घर उबवणाऱ्या लाकडाच्या भट्टीमागे वाळत टाकायचा आणि विसरायचा. माझं एवढं काही नाही, पण हाताचे हाल बघवत नव्हते. सांधे सुजून बटाट्यासारखे झाले होते. त्या वर्षी फेब्रुवारीत डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "आणखी एकदा मोडलं, तर ही दोन बोटं परत मिटायची नाहीत."

आणि मे महिन्यात त्याच्या बहिणीचं, श्टेफ्काचं लग्न होतं. वडील वारले होते. वडिलांचं वाद्य आता ओरेस्टच वाजवणार, असं त्यानं तिला कबूल केलं होतं. हातोडी धरायची ती त्याच दोन बोटांत.

शेवटचा सामना हार्टफेल्डशीच होता. "मी नुसता बाकावर बसेन, आई," ओरेस्ट म्हणाला. ओल्हानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दुपारी तो जरा आडवा झाला, तशी तिनं मला भट्टीमागून काढलं. नक्षीकामाचा लाल दोरा मेणावर ओढला, जाड सुई घेतली आणि माझ्या मनगटाला चुण्या घालून पाच टाके घातले. हात जोर लावून आत जाईल, पण झटकून मी निघणार नाही, एवढीच जागा तिनं ठेवली. दातांनी दोरा तोडला आणि पुटपुटली, "लोक तोंडावर थुंकले तरी चालतील. बोटं राहू देत."

संध्याकाळी मला चढवताना ओरेस्ट वैतागला. "कातडं आकसलंय वाटतं मेलं!"

तिसऱ्या डावात डॅनीला कोणीतरी असा धक्का दिला की तो उठेचना. लोक उभे राहिले. "ओ-रेस्ट! ओ-रेस्ट!" कोच मॅकायनी त्याच्याकडे पाहिलं नाही, फक्त बाकापुढचं दार उघडलं. एक क्षण ओरेस्ट जागचा हलला नाही. मला त्याच्या बोटांची धडधड कळत होती. मग गर्दीतून ओल्हाचा आवाज आला, "जा! बघतोस काय!"

दुपारी टाके घालणारी बाई ती हीच का, असं मला वाटलं. ओरेस्ट निघाला.

समोरून फ्रायसेन आला. दोघांनी मान हलवली. फ्रायसेनचे मोजे खाली पडले. ओरेस्टनं हात झटकले. डावा गेला. मी गेलो नाही. त्यानं पुन्हा झटकला, दातांनी ओढलं. मी तसाच! लोक हसायला लागले. उगारलेली मूठ तशीच ठेवून फ्रायसेन थांबला होता, कारण मोजा घातलेल्या माणसाला मारत नाहीत.

"काय लावलंयस हे? काढ की!"

"निघत नाहीये रे!"

"थांब, दे इकडे." आणि मित्रांनो, मारायला आलेला तो माणूस मलाच ओढायला लागला! ओढता ओढता त्याचा अंगठा टाक्यांवर पडला. त्यानं वाकून बघितलं. "अरे... हे शिवलंय कोणीतरी. लाल दोरा."

ओरेस्टनंही बघितलं. तो दोरा त्याच्या घरातल्या प्रत्येक उशीवर होता. त्यानं मान वळवून गर्दीत पाहिलं. ओल्हा ओरडायची थांबली होती. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"आई?" फ्रायसेननं हळूच विचारलं.

ओरेस्टनं मान डोलावली. फ्रायसेननं त्याची जर्सी धरली आणि कानाशी म्हणाला, "पड माझ्याबरोबर, गाढवा!" दोघं धाडकन बर्फावर पडले. चार टाके तुटले आणि मी फ्रायसेनच्या मुठीत आलो. खाली पडलं की भांडण संपतं, ही तिथली दुसरी रीत. पंच धावत आले. एकही गुद्दा बसला नव्हता, तरी दोघांना पाच पाच मिनिटं मिळाली. मात्र या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. लोक ओरडत होते, "भ्याड! मोजेवाला!"

त्या गडबडीत मी फ्रायसेनच्या पिशवीतून हार्टफेल्डला गेलो. लोन विलोत काय झालं ते मागाहून कानावर आलं. ओरेस्टला संघातून काढलं. मिस्टर इंग केकचे पैसे घेऊ लागले. मुलं रस्त्यात त्याला बघून मोजे दाखवायची. मला रडू आलं. सात वर्षांत एकदाच मी माझं काम नीट केलं होतं, आणि त्याच दिवशी माझ्या माणसाची अब्रू गेली. मी त्याला जपलं की बुडवलं?

मे महिन्यात फ्रायसेन मला परत करायला लग्नाला गेला. मी त्याच्या कोटाच्या खिशात होतो. आतून काही दिसत नव्हतं, पण तारा ऐकू आल्या. मधूनच एखादा सूर चुकायचा, कारण सांधे सुजलेलेच होते. तरी पाय थिरकत होते, श्टेफ्का नाचत होती, आणि म्हातारी ओल्हा रडत होती की हसत होती ते मला ओळखता आलं नाही.

वाजवून झाल्यावर ओरेस्ट आला. फ्रायसेननं मला पुढे केलं. ओरेस्टनं माझ्या मनगटावर बोट फिरवलं. पाचवा टाका तसाच होता.

"तुझ्याकडेच ठेव," तो म्हणाला. "घरी नेला, तर आई हा टाका उसवून टाकेल. विचारलं की म्हणते, 'कातडं आकसतंच, बाळा. मला काय विचारतोस?'"

तेव्हापासून मी इथे फ्रायसेनच्या घरी आहे, भट्टीत लाकडं सारायला. हिवाळ्यात ओरेस्ट येतो. दोघांचेही हात आता थरथरतात, आणि फ्रायसेन एकच गोष्ट तीनदा सांगतो. ओल्हा जाऊन नऊ वर्षं झाली. तिनं शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

मित्रांनो, मला अजून पुष्कळ गोष्टी कळलेल्या नाहीत. टाळ्या कशाला होत्या, शिव्या कशाला होत्या, आणि ज्या आईनं मला घट्ट शिवलं तिनंच त्याला "जा" का म्हटलं. तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुम्हाला जपायला कोणी काही दिलं असेल, तर ऐन वेळी ते काढून फेकू नका, चारचौघं हसले तरी.

काल ओरेस्ट आला होता. विस्तव उतरला, तसा तो उठला. मला हातावर चढवलं, दोन ओंडके आत सारले. मग त्यानं मला काढलं. झटकलं नाही. एकेक बोट सोडवत, लाल टाक्याला धक्का लागू न देता काढलं, आणि फळीवर ठेवलं.